पाणपोईवरची चार थरांची अक्षरं

त्या शेठचा मला पहिल्या दिवसापासून वीट आला होता. दुकानात आला की तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहायचा. तोंडात तंबाखू-सुपारीचा मावा असायचा. मॉनिटरच्या काचेवर बोट ठेवून म्हणायचा, "बेन, यहाँ से थोड़ा जाडा करो ने." तो गेला की काचेवर त्याच्या बोटाचा तेलकट डाग उरायचा. तो पुसायला मी एक वेगळं फडकं ठेवलं होतं.

दुकान कतारगामला होतं, रेडियमच्या कामाचं. चिकट पाठीच्या त्या रंगीत प्लॅस्टिकला सुरतेत सगळे रेडियमच म्हणतात, मग ते अंधारात चमको न चमको. रिक्षांच्या काचा, स्कूटरचे नंबर, दुकानांच्या पाट्या, सगळं आम्ही करायचो. मालक धुळ्याकडचे. वीस वर्षं त्यांनी ब्रशनं बोर्ड रंगवले होते. मग गिऱ्हाइकं ब्रशकडे बघेनाशी झाली, म्हणून त्यांनी कापायचं मशीन घेतलं. पण माऊसला हात लावायचा म्हणजे त्यांना पाल पकडल्यासारखं वाटायचं. मी बारावी होऊन सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला होता आणि त्यात गुजराती टाइप करायला शिकले होते. तेवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं. मी त्यांना काका म्हणायची.

आम्ही मूळचे बुलढाण्याकडचे. राहायला कोसाडला. बाबा कापडाच्या लूमवर होते, सकाळी आठ ते रात्री आठ. बारा तास खटखट ऐकून त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे घरात आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. शेठनं पाणपोई बांधली ती बाबांच्या कारखान्याच्या गल्लीतच, तोंडाशी. शेठचा धंदा सुताचा. गल्लीतल्या लूमच्या अर्ध्या शेडना सूत त्याच्याकडून जायचं. प्लेगच्या साथीला तेव्हा तीन वर्षं झाली होती. शहर घासूनपुसून काढलं होतं, पेपरात कौतुक येत होतं, आणि ज्यांच्या हातात पैसा होता त्यांना स्वच्छतेच्या नावानं काहीतरी बांधायची हौस आली होती. शेठनं आईच्या नावानं पाणपोई बांधली. गुजरातीत परब म्हणतात. संगमरवराच्या फरश्या, चार नळ, साखळीला बांधलेले स्टीलचे ग्लास, वर गच्चीवर सिमेंटची टाकी, आणि पुढे कपाळावर लांबलचक निळा पत्रा. त्या पत्र्यावर अक्षरं आमची.

"पूज्य बा" आणि आईचं नाव वर, चार इंचांत. खाली त्याचं स्वतःचं नाव, नऊ इंचांत.

पहिल्यांदा मी साधी सोनेरी अक्षरं काढून दाखवली. निळ्यावर सोनेरी छान दिसत होतं. तो म्हणाला, बॉर्डर पाहिजे. लाल बॉर्डर दिली. दोन दिवसांनी आला, म्हणाला लालच्या बाहेर पांढरी पाहिजे. मग म्हणाला पांढरीच्या बाहेर काळी, म्हणजे नाव उठून दिसेल. आईच्या नावाला बॉर्डर किती, असं मी विचारलं, तर म्हणाला, "बा का सिंपल रखो. बा सादी थी."

बॉर्डर देणं म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं, ह्या रेषेपासून इतके मिलिमीटर बाहेर दुसरी रेष काढ, तिच्या बाहेर तिसरी, तिच्या बाहेर चौथी. प्रत्येक रेष वेगळ्या रंगावर कापायची. सगळ्यात फुगलेलं काळं अक्षर तळाला, त्याच्यावर पांढरं, मग लाल, आणि मूळचं सडपातळ सोनेरी सगळ्यात वर. ऐकायला सोपं आहे. पण अक्षर बाहेर फुगतं तसं ते आतही फुगतं. 'ब'च्या पोटातली मोकळी जागा पहिल्या बॉर्डरला अर्धी होते, दुसरीला फट उरते, तिसरीला तांदळाएवढं भोक. ती भोकं एकेक शोधून हातानं पुसावी लागतात, नाहीतर मशीनची सुरी तिथं फिरून रेडियम फाडते. कोपरे टोकदार ठेवले तर बॉर्डरला काट्यासारखे सुळके फुटतात, म्हणून ते गोल करायचे. काना आणि मात्रा अक्षराला चिकटलेल्या दिसतात, पण कॉम्प्युटरला त्या वेगळ्या असतात. त्या आधी जोडून एकजीव केल्या नाहीत तर सुरी जोडावरूनही फिरते, आणि सोलताना काना हातात येतो. गुजरातीला शिरोरेषा नसल्यामुळे अक्षरं सुटी असतात, पण चौथ्या थराला ती एकमेकांत घुसून गेली. तळाचा काळा थर म्हणजे अक्षरं राहिलीच नाहीत, नुसता एक फुगीर पट्टा झाला.

मला ते नाव बघवेना. सुजलेल्या पायासारखं दिसत होतं. काका मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वाचता येतं का हे कोणाला?"

"शेठला येतं," मी म्हणाले.

"मग काप."

कापलं. चार रंगांचं सोलायलाच दोन दिवस गेले. नको तो भाग टोकदार चिमट्यानं उचलून ओढायचा, तेव्हा त्याच्या डिंकाचा एक आंबट वास येतो, तो नखांत बसतो. जेवताना भाकरीलाही तोच वास. त्याच दिवसांत बाबा आजारी पडले. उलट्या, जुलाब. पहिले दोन दिवस तसेच कामावर गेले, तिसऱ्या दिवशी उठवेना. आईनं मीठ-साखरेचं पाणी दिलं, गल्लीतल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. उन्हाळा होता, उन्हाळ्यात हे चालायचंच असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणाले.

अक्षरं जागेवर जाऊन लावायची होती, कारण पत्रा आधीच वर झाळून बसवलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन होतं. आम्ही दुपारी पोचलो, काका आणि मी, मे महिन्याचं ऊन, रिक्षात गुंडाळ्या उभ्या धरून. पाणी मात्र आठ दिवसांपूर्वीच सुरू झालं होतं. कामगार येऊन पिऊन जात होते. मला इतकी तहान लागली होती की पोचल्या पोचल्या मी दोन ग्लास प्याले. पाण्याला जरा वास होता. नव्या सिमेंटचा असेल, असं वाटलं. काकांच्या गालात तंबाखू होती, ते प्याले नाहीत.

मोठी अक्षरं कोरडी लावता येत नाहीत. एकदा चिकटली की हलत नाहीत, वाकडी गेली की संपलं. म्हणून पत्र्यावर आधी साबणाचं पाणी फवारायचं, त्यावर रेडियम ठेवायचं, सरकवून जागेवर आणायचं आणि मग प्लॅस्टिकच्या पट्टीनं मधून कडेला दाबत पाणी काढून टाकायचं. काळा थर लागला, पांढरा लागला, लाल लागला. आता सोनेरीच राहिला होता, आणि फवाऱ्याची बाटली संपली. मी खाली उतरून नळाखाली धरली. धार करंगळीएवढी. बाटली भरेना. भरली तेवढ्यात बघितलं, तर पाण्यात राखाडी काहीतरी तरंगत होतं, कापसाच्या बोंडासारखं. बोटानं काढलं. पिसाचं मऊ बूड होतं.

"काका, नळात काहीतरी अडकलंय. वर बघून येते," मी म्हणाले आणि मागच्या लोखंडी शिडीनं गच्चीवर चढले.

टाकीला झाकण नव्हतं. चौकोनी भोक होतं, उघडं. आत दोन मेलेली कबुतरं होती. एक अजून कबुतरासारखं दिसत होतं. दुसऱ्याचं काय झालं होतं ते मी नीट सांगू शकत नाही. ते फुगून फुटलं होतं, कातडी पांढरी पडून सुटत होती, आणि पिसं टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर एका ओळीत चिकटली होती. पाण्यावर तेलाचा तवंग होता, उन्हात त्यात रंग दिसत होते. वास नाकात नाही, थेट घशात गेला. माझ्या पोटातलं सगळं तिथंच गच्चीवर पडलं, ते दोन ग्लास पाणी आधी. ओकताना डोक्यात एकच गोष्ट होती, की बाबांना हेच झालंय.

मी खाली आले. काकांना सांगितलं. ते तंबाखू थुंकून आले आणि समोरच्या ऑफिसातून शेठला बोलावून आणलं. शेठ शिडीपाशी आला, वर बघितलं, पण चढला नाही.

"कितना बाकी है?" त्यानं विचारलं.

मला वाटलं टाकीबद्दल विचारतोय. "आधी सगळं पाणी काढावं लागेल," मी हिंदीत सांगितलं. "टाकी घासावी लागेल. दोन कबुतरं मेलीत. लोक आठ दिवस पितायत."

"टांकी नहीं. बोर्ड का पूछता हूँ."

"एक थर," काका म्हणाले.

"तो वो पहले पूरा करो. कबूतर निकलवा देता हूँ."

त्यानं त्याच्या माणसाला हाक मारली. तो माणूस बांबू आणि पिशवी घेऊन वर गेला, काय ते काढलं, आणि पिशवी हातात धरून आमच्या अंगावरूनच खाली उतरला. पिशवीतून पाणी गळत होतं. मग एक डबा घेऊन पुन्हा वर गेला आणि ब्लीचिंग पावडर ओतून आला.

"और पाणी?" मी विचारलं.

"दवा नाख दी ने. हो गया."

"शेठ, पाणी काढून टाका."

तो माझ्याकडे बघून हसला. रागानं नाही, लहान मुलीला समजावतात तसा. "बेन, खाली करूँगा तो कल नल में से हवा निकलेगी. टैंकर परसों आएगा. कल फोटोवाला आने का है. तुम बोर्ड देखो, टांकी मैं देखता हूँ."

तो निघून गेला. मी काकांना म्हणाले, मी नाही लावत आता. काका शिडीच्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "तीन थर लागलेत. तसंच सोडलं तर लोक काय म्हणतील, काम अर्धं टाकून गेले. पूर्ण कर. मग काय करायचं ते बघू."

आणि मी पूर्ण केलं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहायला हवं. तोंडात आंबट चव होती, डोक्यावर ती टाकी होती, आणि मी पत्र्याला टेकवलेल्या शिडीवर उभी राहून सोनेरी अक्षर मिलिमीटर मिलिमीटर सरकवत होते, लाल कड चारी बाजूंनी सारखी दिसावी म्हणून. बाटलीत पाणी तेच होतं. फवारलं की तोंडावर तुषार यायचे, मी ओठ मिटून घ्यायची. अक्षरं एकत्र धरणारा वरचा शेवटचा कागद सोलला, खाली उतरून मागे सरकून बघितलं, आणि सगळी कड एकसारखी आली होती, कुठे केसाचाही फरक नाही. मला बरं वाटलं. त्या जागी, त्या वेळी, मला माझ्या कामाचा आनंद झाला. त्या कबुतरांची किळस पुढे कमी झाली. ह्याची झाली नाही.

दुकानात परत आल्यावर काकांनी हातपाय धुतले, चहा मागवला. मी चहा घेतला नाही. उरलेलं लाल रेडियम काढलं आणि मशीनला लावलं. कॉम्प्युटरवर तीन ओळी टाइप केल्या. गुजरातीत, हिंदीत आणि मराठीत, हे पाणी पिऊ नये. बॉर्डर नाही, सावली नाही, साधी जाड अक्षरं. मशीन सुरू झालं तसे काका उठून आले.

"शेठ काढून टाकेल," ते म्हणाले.

"टाकू दे."

"आणि उडिया लोकांचं काय? त्या गल्लीत निम्मे उडिया आहेत."

मला उडिया येत नव्हतं, कॉम्प्युटरलाही नव्हतं. काकांनी टेबलावरून काळ्या रेडियमचा एक तुकडा घेतला, खिशातलं ब्लेड काढलं आणि हातानंच, आधी काही न रेखता, पाय वर करून पडलेलं कबुतर कापलं. मग एक नळ कापला, त्याखाली ग्लास. दोन-तीन मिनिटांचं काम. एवढं स्वच्छ चित्र त्या मशीननं कधी काढलं नसतं.

सूर्य बुडायच्या आधी आम्ही जाऊन ते नळांच्या वर लावून आलो. लावत असतानाच तिघे-चौघे ग्लास घेऊन उभे होते. एकानं चित्र बघितलं, वर टाकीकडे बघितलं, मग हातातला ग्लास उपडा करून साखळीला तसाच सोडून दिला.

घरी गेले तेव्हा बाबा उशाला टेकून बसले होते. मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, "बाबा, कारखान्यात पाणी कुठलं पिता?"

"नवीन पाणपोईचं," ते म्हणाले.

"कारखान्यात माठ आहे ना?"

"हाये. पण म्या सगळ्यायले सांगतलं, थ्या पाणपोईचा बोर्ड माही पोरगी करून रायली. मंग तिथंच जात होतो सारे. आठ-धा जनं घेऊन जात होतो मी." ते हसले. ओठ वाळलेले होते. "बोर्ड लागला का?"

"लागला."

"मंग चांगला दिसत असंन."

मी हो म्हणाले. कबुतरांचं त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. आईला सांगितलं. ती चुलीपाशी बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला.

सकाळी मी मुद्दाम त्या गल्लीवरून गेले. मांडव घातला होता. आमची लाल अक्षरं खरवडून काढलेली, संगमरवरावर डिंकाचे चिकट पट्टे उरलेले, त्यांवर धूळ बसलेली. ज्यांच्या हस्ते उद्घाटन होतं त्यांनी नळ सोडला, ग्लास भरला, ओठांजवळ नेला. फोटो निघाला. मग ग्लास शेजारच्याला दिला आणि शेजारच्यानं तो हळूच ओतून टाकला. खुर्च्यांवर बसलेल्यांसाठी सीलबंद बाटल्या ठेवल्या होत्या. शेठनं मला गर्दीत बघितलं आणि बोर्डाकडे हात करून शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. माझीच तारीफ असावी. मी तिथून निघाले.

कोणी मेलं नाही. बाबांच्या शेडमधले पाच जण आजारी होते, सगळे उठले. बाबा पंधरा दिवसांनी कामावर गेले, अर्धे झाले होते. लोकांनी त्या पाण्याला हात लावणं सोडलं होतं, कारण लाल अक्षरं निघाली तरी तोंडोतोंडी गोष्ट गल्लीभर झाली होती. शेठचा टँकर आला की नाही ते कोणाला कळलं नाही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी कामगारांनीच टाकी उपसली. बाबाही गेले होते, वर चढले नाहीत, खाली बादल्या घेत होते. आत चार बोटं चिखल निघाला, म्हणाले. पिसं, हाडं, आणि सिमेंटचं एक रिकामं पोतं. काकांनी गोदामातून स्वतः रंगवलेला एक जुना पत्र्याचा बोर्ड नेऊन दिला, कुठल्या तरी टेलरचा. त्याला कडी ठोकून टाकीचं झाकण केलं.

महिन्याभरानं शेठ पुन्हा दुकानात आला. त्याला तसंच नाव हवं होतं, कुठल्याशा दवाखान्याच्या वॉर्डावर, ह्या वेळी पाच थरांत. माझ्या खुर्चीच्या पाठीला हात टेकून तो उभा राहिला. मागे मशीन चालू होतं, कुणाच्या रिक्षाची अक्षरं कापत होतं, सुरीचा करकर आवाज येत होता. मी त्याच्याकडे न बघता खुर्ची पुढे ओढली, त्याचा हात पाठीवरून सुटला.

काका काउंटरवरून म्हणाले, "शेठ, मशीन बंध छे."

शेठनं मशीनकडे बघितलं. ते कापतच होतं. "चालू तो है," तो म्हणाला.

"तमारे माटे बंध छे," काका म्हणाले, तुमच्यासाठी बंद.

शेठनं मावा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. मग गेला. जाताना त्यानं दाराच्या काचेला हात लावला होता, त्याचे पाची बोटांचे ठसे तिथं राहिले. काकांनी बादलीत साबणाचं पाणी केलं आणि स्वतः जाऊन काच धुतली. मग मला म्हणाले, "रिक्षावाला पाचला येईल. सोलायला घे."